शेवटची फटफटी

चांगला डांबरी रस्ता समोर असताना तो सोडून काट्याकुट्यांत फटफटी घालायची, घरची गादी सोडून कापडी तंबूत कुडकुडत निजायचे आणि दुसऱ्या दिवशी ठणकत्या अंगाने परत यायचे, या प्रकाराला आमच्या घरात एकच शब्द आहे : 'थेरं'. शब्द सौभाग्यवतींचा असल्यामुळे त्यावर अपील चालत नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो, वयाची पंचेचाळिशी गाठली आहे, आणि गेली सहा वर्षे दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारी ही थेरं नियमाने करीत आलो आहे.

वाचकहो, हा प्रश्न आता आमच्या एकट्याच्या घरचा राहिलेला नाही. पूर्वी मध्यमवर्गीय घरात फटफटी असलीच तर ती कचेरीत जाण्यासाठी असे. १९५५ पासून मद्रासेत बुलेट तयार होऊ लागली, १९६१ पासून म्हैसूरला जावा. पण आमच्या आळीत तरी त्यांच्यावर बसून कोणी मुद्दाम चिखलात गेल्याचे ऐकिवात नाही. पुढे २०१६ साली हिमालयन आणि २०१९ साली एक्सपल्स आली आणि खास आडवाटेसाठी घडवलेली गाडी नोकरदार मुलाच्या मासिक हप्त्यांत बसू लागली. हिचे पुढचे चाक २१ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर, म्हणजे चांगले वीतभर उंच. अशी गाडी दारात उभी राहिली की महिन्या-दोन महिन्यांत चिरंजीव म्हणतात, "आई, आम्ही आठ जण चाललोय, तंबू घेऊन." मग घरात दोन पक्ष पडतात आणि रात्रीचे जेवण शांततेत होत नाही.

या भांडणात मी कोणाचीच वकिली करणार नाही. आठ माणसांना दोन दिवस आडवाटेला जायचे असेल तर बेत कसा आखावा, एवढेच सांगणार आहे. आईने "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा "बेत दाखव" म्हणावे, असे माझे मत आहे. ते मत कसे झाले तेही पुढे येईलच.

बेत आखण्याच्या बाबतीत आम्हां नागपूरकरांना फार जुना गुरू लाभला आहे. नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरवर रामटेक. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. तिथून यक्ष मेघाला पाठवतो, तेव्हा निरोप आधी सांगत नाही; आधी वाट सांगतो. दमलास तर कुठे टेकायचे, हलका झालास तर कोणत्या नदीचे पाणी घ्यायचे, उज्जयिनीसाठी वाकडी वाट का करायची, सारे तपशीलवार. पूर्वमेघ सगळा त्यातच जातो. विरहाने व्याकूळ झालेल्या माणसाला जर एवढा धीर धरता येतो, तर आमच्या तरुण मंडळींना एक बैठक घ्यायला काय हरकत आहे?

आमची बैठक सहलीच्या तीन आठवडे आधी होते. मंडळी आठच. आठाहून अधिक गाड्या आडवाटेवर सांभाळता येत नाहीत आणि चारांहून कमी असल्या तर एक पडला की त्याच्याजवळ बसायला आणि मदत आणायला मिळून माणसे पुरत नाहीत. आमच्यात विमा कचेरीतले एक गृहस्थ आहेत, गणिताचे प्राध्यापक आहेत, बँकेतले दोघे, एक दंतवैद्य बाई, माझे दोन माजी विद्यार्थी आणि मी. बाईंचा हात आमच्या सर्वांहून सफाईदार आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

पहिला प्रश्न : जायचे कुठे? नागपूरच्या चहूबाजूंना रान आहे, त्यामुळे नवख्या माणसाला वाटते की कुठूनही आत शिरावे. तसे नाही. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे आणि विस्तव पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात शिरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि पेंच किंवा ताडोबाच्या व्याघ्र पर्यटनात दुचाकीला मुळीच प्रवेश नाही. वाघाला आपल्या फटफटीचे कौतुक नसते आणि हरणाच्या पाडसाला तर त्या आवाजाने आईपासून फुटायला एक क्षण पुरतो. तेव्हा आडवाट म्हणजे जंगल हे समीकरण आधी डोक्यातून काढावे. मग उरतात गावांना गावे जोडणाऱ्या कच्च्या वाटा, आणि आमच्या विदर्भातले पांदण रस्ते. पांदण म्हणजे दोन्हीकडच्या वावरांमधून जाणारी, बंडीच्या चाकांनी खोल झालेली वाट. फटफटीवाल्याची सारी परीक्षा त्या दोन चाकोऱ्यांत होते.

आमचा ठरलेला मार्ग असा : शनिवारी पहाटे सहाला झिरो माइलपासून निघायचे, सावनेरला चहा, मग राज्याची सीमा ओलांडून सौंसर. हा भाग मध्य प्रदेशात असला तरी बोली आपलीच आणि संत्र्याच्या बागाही आपल्यासारख्याच. तिथे नाश्ता करून मुख्य रस्ता सोडायचा आणि ४० किलोमीटर कच्च्या वाटेने फिरून मुक्कामाला यायचे. रविवारी देवगड पाहून परत. देवगड निवडण्याचे कारण असे की, १७०२ च्या सुमारास ज्या बख्त बुलंद शहाने नागपूर वसवले, त्या गोंड राजाची मूळ राजधानी ती. छिंदवाड्याच्या मोहखेडकडून तिथे जाता येते. डोंगरावर नगारखाना, बादल महाल आणि मोतीटांका नावाचे पाण्याचे टाके अजून आहे. खालच्या गावात आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या असे लोक सांगतात. आमच्या शहराचा जन्म ज्या दरबारात ठरला तो आज माकडांच्या ताब्यात आहे, आणि नागपुरातली निम्मी मंडळी तिथे गेलेलीही नाहीत.

दुसरा प्रश्न वेळेचा. इथे नवखे लोक किलोमीटर मोजतात आणि फसतात. कच्च्या वाटेवर घोळक्याची सरासरी तासाला १५ ते २० किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे ४० किलोमीटरला अडीच-तीन तास. त्यात पंक्चर, पाणी पिणे आणि फोटो धरून चार. नोव्हेंबरअखेर आमच्याकडे साडेपाचला सूर्य मावळतो. तेव्हा चारला मुक्काम गाठायचा म्हणजे बाराच्या आत सौंसर सोडले पाहिजे. गणिताचे प्राध्यापक हा हिशेब फळ्यावर मांडतात आणि शेवटी म्हणतात, "अंधारात कच्च्या वाटेवर गाडी चालवायची नाही. हे गृहीतक आहे, याला सिद्धता नाही."

तिसरा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. तो आला एका बाईंकडून.

माझ्या दोन विद्यार्थ्यांपैकी धाकट्याला वडील नाहीत. आई पोस्टात नोकरी करते. मुलाने बेत सांगितला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "सर, एकुलता एक आहे. तुमच्या भरवशावर पाठवू का?"

"भरवसा" हा शब्द मराठीत फार जड आहे. "हो" म्हटले असते तर मी एक खोटे आश्वासन दिले असते, कारण रस्त्यावर कोणी कोणाच्या हातातली मूठ धरून बसत नाही. मी त्यांना म्हटले, "तुम्ही आमच्या बैठकीला या. सगळे ऐका, आणि मग ठरवा."

त्या आल्या. तासभर काही बोलल्या नाहीत. पुढे कोण, मागे कोण, याची चर्चा चालू होती. मग त्यांनी विचारले, "समजा, माझा मुलगा सगळ्यांत मागं आहे आणि पडला. पहिल्या गाडीला ते कधी कळणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. विमा कचेरीतले गृहस्थ म्हणाले, "पुढच्या गावात थांबलो की कळेल."

"म्हणजे तासाभरानं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे टपालाच्या थैल्या एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मोजून देतात आणि मोजून घेतात. मुक्कामाला गेल्यावर मोजत नाहीत."

त्या एका वाक्यातून आमचा मुख्य नियम तयार झाला आणि आजवर तोच चालू आहे. प्रत्येकाने आपल्या पाठीमागची गाडी सांभाळायची, पुढची नव्हे. प्रत्येक फाट्यावर, मागची गाडी डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचे आणि तिला दिसल्यावरच वळायचे. धुळीमुळे मध्ये अंतर वाढले तरी चालेल. शेवटची गाडी थांबली की तिच्या पुढची पुढच्या फाट्यावर अडकते, मग तिच्या पुढची, आणि असे करत काही मिनिटांत सगळी रांग उभी राहते. ओरडावे लागत नाही, फोन लावावा लागत नाही. डोंगरांच्या पोटात फोन लागतच नाही म्हणा.

आता पुढे कोण आणि मागे कोण? सामान्य समज असा की सर्वांत तरबेज माणूस पुढे हवा आणि कच्चा माणूस मागे राहतो. आम्ही नेमके उलटे करतो. पुढे वाट माहीत असलेला, पण सावकाश चालवणारा. त्याच्या लगेच मागे सर्वांत नवखा, म्हणजे रांगेचा वेग आपोआप त्याच्या बेताचा राहतो. आणि सर्वांत शेवटी सर्वांत अनुभवी. पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, क्लचची जादा तार, दोर आणि औषधांची पेटी त्याच्याजवळ, कारण जे कोणी बिघडून थांबेल त्याच्याजवळ तो येणारच असतो. हे काम दंतवैद्य बाईंकडे आहे.

जगातल्या सर्वांत अवघड शर्यतीतही हा धर्म पाळतात. डाकार रॅली नावाची ती शर्यत २०१५ साली बंगळूरच्या सी. एस. संतोषने पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय स्वार. २०२४ साली केरळच्या हरिथ नोआने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. याच शर्यतीत जानेवारी २०२० मध्ये, सौदी अरबस्तानच्या वाळवंटात, पाऊलो गोन्साल्विस हा पोर्तुगीज स्वार पडला. मागून येणारा टोबी प्राइस आदल्या वर्षीचा विजेता होता. तो शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबला. गोन्साल्विस वाचला नाही. प्राइसचा त्यात गेलेला वेळ संयोजकांनी त्याला परत दिला, कारण पडलेल्यासाठी थांबणाऱ्याचा वेळ धरायचा नाही असा तिथला नियमच आहे. जिथे सेकंदासेकंदाचा हिशेब असतो तिथे हे चालते, तर आम्हां हौशी मंडळींना कसली घाई?

मार्गाची आधी पाहणी मात्र करावीच लागते. दोघांनी आधीच्या रविवारी जाऊन यावे. आमच्या पहिल्या पाहणीत जे घडले ते सांगतो. एका पांदणीच्या शेवटी संत्र्याची बाग लागली. अंबिया बहाराची फळे झाडांवर होती. बागेचे मालक, साठीचे गृहस्थ, वाटेत उभेच होते.

"काहून भाऊ, तुमी बी त्याच पार्टीतले का?"

कोणत्या, असे विचारले.

"मागच्या इतवारी धा-बारा गाड्या आल्या. कवाड उघडं टाकून गेले. ढोरं बागेत घुसले. ठिबकच्या नळ्या फुटल्या, थे येगळंच."

मी म्हटले, "रस्ता तर पांदणीचा आहे ना?"

"रस्ता आहे. पर वावर माह्यं आहे ना बाप्पा!"

याला उत्तर नव्हते. कोण लोक आले होते ते त्यांना ठाऊक नव्हते, आम्हालाही नाही. पण त्यांच्या लेखी डोक्यावर टोप घातलेले सगळे एकच. माझ्याबरोबरचे बँकेतले गृहस्थ काही न बोलता गाडी वळवून सौंसरला गेले आणि नळ्यांचे जोड घेऊन आले. आम्ही तिघांनी मिळून दोन तासांत ठिबक जोडले. मग चहा झाला. "मुक्काम करायचा असन त खळ्यात करा," असे त्यांनी आपण होऊन सांगितले. तेव्हापासून आमचे तंबू त्यांच्या खळ्यात लागतात आणि सहलीच्या आधी पहिला फोन त्यांना जातो. पांदणीवर आपण कितीही हक्क सांगितला तरी तिच्या दोन्ही अंगांना कोणाचे तरी वर्षाचे पोट असते. बेत आखताना नकाशावर ते दिसत नाही. तिथे जाऊनच पाहावे लागते.

आता वाटेवरच्या चार गोष्टी. कच्च्या वाटेला लागण्यापूर्वी चाकांतली हवा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी करावी, म्हणजे चाक जमीन धरते; डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरावी. दगडगोट्यांत खुंट्यांवर उभे राहून चालवावे, गुडघे सैल ठेवावेत, पुढचा ब्रेक हलक्या बोटांनी लावावा आणि नजर चाकाशी न ठेवता वीस पावले पुढे ठेवावी. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिनाच्या जोरावर उतरवावी. नाला आला तर आधी पायी ओलांडून पाहावा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरावे. टोप, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि गुडघ्या-कोपरांची ढाले, यांत सवलत नाही. हे सगळे ऐकून फार फुशारून मात्र जाऊ नये. आम्ही चिलखते घालून, घाम पुसत जी चढण चढतो, तिथूनच गावचा दूधवाला साध्या स्प्लेंडरवर दोन्हीकडे कॅन लटकावून, पायांत चपला घालून, रोज सकाळी जातो.

काळी माती ही स्वतंत्र जात आहे. कोरडी असताना दगड आणि ओली झाली की डिंक. गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेर अवकाळी सर येऊन गेली होती. पांदणीत शंभर पावलांवर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल गच्च भरला आणि चाकेच फिरेनात. पोस्टातल्या बाईंचा मुलगा पुढे जाऊ या म्हणत होता. त्याची गाडी हलकी होती आणि तो गेलाही असता. विमा कचेरीतले गृहस्थ म्हणाले, "नको." आमच्यात असे ठरले आहे की आठांपैकी एकाने "नको" म्हटले की आठही परत फिरतात, आणि का म्हणून कोणी विचारत नाही. काड्यांनी चिखल काढून आम्ही डांबरी रस्त्याने मुक्कामाला गेलो. मुलाने संध्याकाळपर्यंत तोंड फुगवले होते. रात्री मात्र त्याने रोडगे चार खाल्ले.

रोडगे आलेच आहेत, तर मुक्कामाचेही सांगून टाकतो. विस्तव फक्त खळ्यात, मालकाच्या परवानगीने, आणि निजण्यापूर्वी पाणी ओतून विझवायचा. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण, एवढा बेत पुरतो. तंबू नदीच्या पात्रात कधी लावू नये; वर धरण असले तर पाणी न सांगता येते. तंबूची चेन दिवसाही बंद ठेवावी, कारण मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. साप चावल्यास कापाकापी करू नये, घट्ट बांधू नये, माणसाला चालवू नये. सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. ते कुठे आहे हे बैठकीतच लिहून ठेवायचे असते. बूट सकाळी झटकून घालावेत. आणि थंडीला हसू नये : डिसेंबर २०१८ च्या अखेरीस खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. सातपुड्यात पहाटे गाडीवरचा वारा त्याहून बोचतो.

घरच्यांसाठी एक कागद. त्यावर मार्ग, मुक्कामाच्या गावाचे नाव, खळ्याच्या मालकांचा फोन, आठही जणांचे रक्तगट आणि घरचे नंबर, आणि रविवारी किती वाजेपर्यंत वाट पाहायची ती वेळ. त्या वेळेनंतर कोणी कोणाला फोन करायचा, हेही. दोन्ही राज्यांत ११२ आणि १०८ हे नंबर चालतात. ही कल्पनाही पोस्टातल्या बाईंचीच. हा कागद आता आठही घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागतो. आमच्या घरी त्याच्या वर सौभाग्यवतींनी पेन्सिलीने 'थेरं' असा मथळा दिला आहे, पण कागद नीट चिकटवला आहे.

दिवाळी झाली की चाळीस-पन्नास दिवस आमच्याकडे हवा सोन्यासारखी असते. ज्यांना जायचे असेल त्यांनी आताच बैठक घ्यावी, आणि तिला घरातले एखादे तरी काळजी करणारे माणूस बोलवावे; ते नेमके आपल्याला न सुचलेले विचारते. कामे वाटून घेताना शेवटच्या फटफटीचे काम सर्वांत शेवटी वाटू नये. आमच्या यादीत दंतवैद्य बाईंच्या नावापुढे मागची गाडी सांभाळणे नाही, कारण त्यांच्या मागे कोणीच नसते. तिथे लिहिले आहे : दोर, पंप, औषधे, आणि वावरातून बाहेर पडताना कवाड लावून घेणे.